टिंब, दंड आणि स्वल्पविराम



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही विरामचिन्हांचा विषय सांगितला. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसावर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. स्वल्पविरामाशी त्याचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. काम आहे, आणि ते पोटापाण्याचे आहे. आमचे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. जे वाचले ते संघटनेच्या निमित्ताने वाचले : नोटिसा, करार, हजेरीपत्रके, न्यायालयांचे निवाडे. असे कागद वाचणाऱ्यास लवकरच कळून येते की, कागदावर अक्षरे जितकी बोलतात तितकीच त्यांच्या मधली टिंबे आणि रेघाही बोलतात. ही टिंबे आणि रेघा कोठून आल्या, त्या कोणी पाडल्या आणि त्यांच्यावाचून कोणाचे अडत होते, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

चिन्हांवाचूनचे लेखन

आरंभी चिन्हे नव्हती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने शिळांवर आज्ञा कोरविल्या. त्यांत आजच्या अर्थाने स्वल्पविराम, पूर्णविराम असे काही नाही. याचे कारण कोरणाऱ्याचे अज्ञान नव्हे. ते लेख डोळ्यांनी मुकाट्याने वाचावयाचे नव्हतेच. ठराविक तिथींना ते लोकांस ऐकवावेत, अशी सूचना धौलीच्या लेखात स्पष्ट दिलेली आहे. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक. कोठे थांबावे हे वाचणाऱ्याच्या घशाला ठाऊक असे. ते दगडावर खोदण्याची गरज नव्हती.

पुढे आपल्याकडे एकच चिन्ह मुख्यत्वे रूढ झाले, तो दंड. श्लोकाचा अर्धा भाग संपला की एक उभी रेघ, श्लोक संपला की दोन. वाक्याचा अर्थ संपला की नाही, याची चौकशी दंड करीत नाही; तो छंदाचा चौकीदार आहे. पोथ्यांच्या लेखकांनी याखेरीज आपल्या सोयीची आणखी काही साधने काढली होती. लिहिताना एखादे अक्षर गळाले तर त्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण करून गळालेले अक्षर समासात लिहीत. तिचे नावच काकपद. अक्षर चुकले तर त्यावर हरताळ नावाचे पिवळे खनिज फासून ते झाकून टाकीत. 'कराराला हरताळ फासला' असे आपण आजही म्हणतो, ते या लेखकांच्या हातांतून भाषेत आले आहे. आम्ही कामगार जो हरताळ पाळतो तो शब्द निराळा. हाट म्हणजे बाजार आणि त्याला लावलेले टाळे यांपासून तो झाला. ध्वनी एक, घराणी दोन.

युरोपातही प्रारंभ असाच झाला. ग्रीक लेखनात शब्द शब्दाला चिकटलेले असत. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टोफेनीस याने वाचणाऱ्यासाठी तीन टिंबे सुचविली : ओळीच्या वर, मध्ये आणि खाली. टिंबाच्या उंचीवरून किती थांबावे ते कळे. कॉमा आणि कोलन ही नावे त्याच काळातली. पण ती मुळात खुणांची नावे नव्हती. वाक्याच्या लहानमोठ्या तुकड्यांची होती. तुकड्याचे नाव पुढे त्याच्या टोकावरच्या खुणेला चिकटले.

मोडीचा कारभार आणि रेघांचा हिशेब

आपल्या मराठी मुलखात कित्येक शतके व्यवहार चालला तो मोडीत. पानावर प्रथम आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता लिहीत जावयाचे. शब्द तोडण्याचा प्रघात नाही, विराम नाही. मग त्या काळची पत्रे कळत कशी? एक तर मराठी वाक्याचे क्रियापद बहुधा शेवटी येते. 'केले', 'आहे', 'कळावे' असा शब्द आला की वाक्य संपले, हे वाचणारा जाणे. दुसरे असे की, पत्रांचे मायने ठरलेले असत. कोणत्या मजकुरानंतर कोणता येणार हे कारकुनास आधीच माहीत असे. ही व्यवस्था कारकुनांपुरती उत्तम होती. ज्यास मायने पाठ नाहीत अशा कुणब्यास किंवा विणकरास ती उपयोगाची नव्हती.

त्यालाही कागदावर आपली खूण करावी लागेच. जुन्या महजरांत पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या हत्यारांची. अक्षर न येणाऱ्या माणसाने आपल्या श्रमाचे हत्यारच सहीच्या जागी ठेवावे, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. मात्र सहीच्या वर काय लिहिले आहे ते त्याला दुसऱ्याकडूनच ऐकावे लागे.

सर्वांत अधिक जोखीम होती ती पैशाच्या खुणांत. रुपयाचे सोळा आणे. उभी एक रेघ म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आण्यासाठी लहानशी आडवी किंवा तिरकी रेघ. म्हणजे सात आणे लिहावयाचे तर एक उभी रेघ आणि पुढे तीन आडव्या. पंधरा आणे म्हणजे तीन उभ्या, तीन आडव्या. आणखी एक आणा पडला की रुपया पुरा. ही पद्धत सुटसुटीत होती. चारचारांचे गट असल्यामुळे बेरीज नजरेने होई. तथापि तिचा दोष तिच्या सोपेपणातच होता. चार आण्यांचे आठ आणे करण्यास शाईची एक रेघ पुरे.

व्यापाऱ्यांनी आपसांतील व्यवहारात यावर उपाय शोधले होते. हुंडीत रकमेबरोबर तिची निम्मी रक्कमही लिहीत, म्हणजे एक आकडा बदलला तरी दुसरा त्याची साक्ष देई. रक्कम अक्षरी लिहून पुढे 'मात्र' किंवा 'फक्त' हा शब्द घालण्याची चाल आजच्या पावत्यांवर आणि धनादेशांवरही आहे. तो शब्द म्हणजे एका परीने पूर्णविरामच होय. त्यापुढे कोणी काही वाढवू नये. ज्यास वाचता येत नव्हते त्या ऋणकोस मात्र या उपायांचा काय आधार? १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. १२ मे रोजी सुपे येथे त्याला तोंड लागले. या उठावात शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद यांवर होता. ते मिळवून त्यांनी जाळले. न वाचता येणाऱ्या माणसाला कागदाशी भांडण्याचा तेवढाच मार्ग उरला होता.

आणे गेले १ एप्रिल १९५७ रोजी. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि दशांशाचे टिंब आले. आमच्या पिढीने त्या उभ्याआडव्या रेघा व्यवहारात पाहिल्याच नाहीत, जुन्या वह्यांत पाहिल्या. त्या वाचता येणारी माणसे आता गावागावांतून शोधावी लागतील. टिंबाने जोखीम मात्र गेली नाही. ते एक घर सरकले की रक्कम दसपट होते किंवा दहावा हिस्सा उरते.

खिळे, जुळारी आणि मेजर कँडी

विरामचिन्हांचे खरे राज्य छापखान्याने आणले. हस्तलिखित ओळखीच्या माणसाच्या हाती जाई. छापलेला कागद अनोळखी माणसाच्या हाती जातो. त्याच्याजवळ लेखकाचा आवाज नसतो, म्हणून आवाजाच्या जागी खुणा द्याव्या लागतात. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याच्या छापखान्यात १४९६ च्या एका लॅटिन पुस्तकात टिंब आणि स्वल्पविराम एकावर एक ठेवून अर्धविराम तयार झाला. तो ज्याने कोरला त्या कारागिराचे नाव फ्रांचेस्को ग्रिफो. पुस्तके विद्वानांच्या नावाने ओळखली जातात. चिन्हे घडतात ती कारागिराच्या हाताखाली.

आपल्याकडेही तसेच झाले. १७७८ साली हालहेडचे बंगाली व्याकरण छापले गेले. त्याचे खिळे चार्ल्स विल्किन्सच्या देखरेखीखाली तयार झाले आणि त्यात पंचानन कर्मकार याचा मोठा हात होता. कर्मकार म्हणजे लोहार. पुढे हाच पंचानन श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यात गेला. तेथून १८०५ साली केरीचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० साली मोडी खिळ्यांत छापलेला मराठी कोश. मुंबईत जावजी दादाजी यांनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम केले. त्याच जावजींनी १८६४ साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला व १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरची देवनागरी अक्षरे साऱ्या हिंदुस्थानात नमुना ठरली. ते ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू. ही नावे शाळेच्या पुस्तकात क्वचितच भेटतात, म्हणून येथे मुद्दाम घेतली.

मराठीत विरामचिन्हे पद्धतशीरपणे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांस दिले जाते. १८०४ साली जन्मलेला हा इंग्रज लष्करी अधिकारी १८२२ साली हिंदुस्थानात आला. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी कोशासाठी तो व त्याचा भाऊ जॉर्ज यांनी काम केले. पुढे पुण्याच्या पाठशाळेचा कारभार त्याच्याकडे आला, शाळांची मराठी पुस्तके तपासण्याचे काम आले, आणि १८५० साली त्याने 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. १८७७ साली तो वारला. परकी राज्यकर्त्याच्या हातून ही वस्तू आली, एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही. मराठीने चिन्हे इंग्रजीतून घेतली, पण नावे मात्र आपली दिली, आणि आमच्या मते ती मूळ नावांहून अधिक कामाची आहेत. कॉमा म्हटल्याने वाचणाऱ्यास काही कळत नाही. स्वल्पविराम म्हटल्याने थोडे थांब, हे कळते; अर्धविराम म्हटल्याने त्याहून अधिक थांब; पूर्णविराम म्हटल्याने पुरते थांब. नावातच काम सांगितलेले आहे. १८७४ साली निघालेल्या निबंधमालेतील विष्णुशास्त्री चिपळूणकरांची लांबलचक, फांद्या फुटलेली वाक्ये या खुणांच्या आधाराशिवाय वाचकाला पेलली नसती.

या स्वीकाराची एक गंमत आपल्या वर्ध्यात रस्त्यावर पाहावयास मिळते. १९३६ साली येथे राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली, आणि तेव्हापासून या गावात मराठी आणि हिंदी दोन्ही छापल्या जात आल्या. लिपी एकच, देवनागरी. परंतु हिंदी वाक्य बहुधा उभ्या दंडाने संपते आणि मराठी वाक्य टिंबाने. हिंदीने श्लोकाचा जुना चौकीदार गद्याच्या दाराशी बसविला. मराठीने कँडीचे टिंब घेतले. एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावलेल्या दोन पत्रकांत हा फरक दिसतो. समितीच्या पुस्तकांतून पुष्कळ वर्षे 'अि', 'अी', 'अु' अशी अ-ची बाराखडी वापरली जाई. काका कालेलकरांसारख्यांनी तिचा पुरस्कार केला, त्यामागे एक व्यवहारी हिशेब होता : स्वरांची निराळी रूपे कमी झाली की केसमधले खिळे कमी होतात आणि जुळाऱ्याचे काम हलके होते.

बाकीच्या खुणांची कुळे थोडक्यात सांगून पुढे जाऊ. प्रश्नचिन्हाचे मूळ रूप आठव्या शतकाच्या सुमारास फ्रँक राज्यातल्या हस्तलिखितांत दिसते; वाचताना आवाज चढवावा, असे ते सांगे. ते लॅटिनमधील एका शब्दाच्या पहिल्या व शेवटच्या अक्षरापासून झाले, ही गोष्ट पुष्कळ सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही. बरोबरीचे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड याने छापले. दोन समांतर रेघांहून अधिक सारखे दुसरे काय असणार, असे त्याचे म्हणणे. टक्क्याचे चिन्ह इटालियन व्यापाऱ्यांच्या 'दर शेकडा' या शब्दांचा संक्षेप. ईमेलमधले ॲटचे चिन्हही व्यापाऱ्यांचेच. १५३६ सालच्या एका पत्रात ते मद्याच्या मापासाठी आले आहे, आणि १९७१ साली रे टॉमलिन्सन याने संगणकाच्या पत्त्यात ते घातले. आपल्या रुपयाचे चिन्ह यांत सर्वांत धाकटे, १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेले. ते डी. उदयकुमार यांनी र आणि रोमन आर यांच्या मेळातून काढले.

चिन्हाची मजुरी

आता आमच्या बाजूची गोष्ट. संगणक येण्यापूर्वी ओळ जुळविली जाई ती हाताने. जुळारी, म्हणजे कंपोझिटर, केससमोर उभा राहून एकेक खिळा उचली आणि स्टिकमध्ये उलटा रची. 'क' उचलावयास हाताची जी एक फेरी लागते तीच स्वल्पविराम उचलावयास लागते. खिळा बारीक म्हणून हाताचे श्रम बारीक होत नाहीत.

मॉस्कोतील इव्हान सितिन याच्या मोठ्या छापखान्यात जुळाऱ्यांना मजुरी मिळे ती हजार अक्षरांमागे. त्या हिशेबात विरामचिन्हे धरीत नसत. रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १९ सप्टेंबर १९०५ रोजी त्या जुळाऱ्यांनी काम थांबविले. कामाचे तास कमी करा, हजारी दर वाढवा आणि विरामचिन्हांचीही मजुरी द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. संप शहरातील इतर छापखान्यांत पसरला, पीटर्सबर्गला पोचला, ऑक्टोबरात रेल्वे कामगार उतरले आणि साऱ्या देशाचा सार्वत्रिक संप झाला. १७ ऑक्टोबरला झारला जाहीरनामा काढून नागरिक स्वातंत्र्य आणि निवडलेली सभा यांचे वचन द्यावे लागले. स्वल्पविरामाने झारशाही हलविली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जपानशी झालेल्या युद्धातील पराभव होता, जानेवारीत निःशस्त्र लोकांवर झालेला गोळीबार होता, उपासमार होती. पण ठिणगी जेथे पडली तेथे हिशेब होता तो टिंबांचा. त्याच १९०५ सालच्या ऑक्टोबरात कलकत्त्यास सरकारी छापखान्यांतील संपाच्या धामधुमीत तेथील मुद्रण कामगारांची संघटना उभी राहिली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

विराम हा शब्द आमच्या चळवळीला परका नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात पहिल्या मागण्या होत्या आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती यांच्या. सुट्टी मिळावयास १८९० साल उजाडले. लिहिण्यातल्या विरामाचे जे काम तेच कामातल्या विरामाचे : दम घेतल्याशिवाय माणसाला पुढचे नीट करता येत नाही.

एका फळ्याची गोष्ट

हा सर्व इतिहास झाला. आजचा व्यवहार कसा चालतो त्याचा एक दाखला देतो. काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका कारखान्याच्या फाटकावर शुक्रवारी संध्याकाळी फळा लागला. त्यावर खडूने लिहिले होते : 'पहिली पाळी बंद सोमवारपासून दुसरी पाळी सुरू'. निम्म्या लोकांनी वाचले, पहिली पाळी बंद, सोमवारपासून दुसरी सुरू. ते शनिवारी घरी राहिले. उरलेल्यांनी वाचले, पहिली पाळी बंद सोमवारपासून, दुसरी चालूच. ते शनिवारी नेहमीप्रमाणे कामावर गेले. व्यवस्थापनाने दुसरा अर्थ खरा ठरवून घरी राहिलेल्यांचा खाडा धरला. दोन्ही अर्थ मराठीला मान्य होते. फळ्यावर स्वल्पविराम नव्हता, आणि तो कोठे होता हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती खडू त्याने स्वतःकडे घेतला. आम्ही दोन्ही वाचने कागदावर मांडली, त्या दिवसाचा पगार मागितला आणि चार बैठकींनंतर तो मिळविला. पण ज्या बाईच्या घरी त्या आठवड्यात दुकानाची उधारी भागवावयाची होती, तिला तो मिळाला महिन्याने.

न्यायालये अशा प्रसंगी काय करतात? अश्विनीकुमार घोष विरुद्ध अरविंद बोस या १९५२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले आहे की, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह ही गौण बाब होय. मजकुराचा उघड अर्थ चिन्हाने उलटवू नये. मात्र एखादा कायदा काळजीपूर्वक विरामचिन्हे घालून लिहिला असेल, तर त्यांना वजन देता येईल, असेही त्यात आहे. न्यायाधीशांस हे म्हणणे शोभते, कारण त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंचे वकील तासन्‌तास वाक्य उलगडीत असतात. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला तितका वेळ नसतो आणि वकीलही नसतो. त्याच्यापाशी फळा असतो आणि पाळीचा भोंगा.

म्हणून आमची विनंती साधी आहे. आपल्या मुलांना शाळेत विरामचिन्हे दोन गुणांच्या प्रश्नासाठी शिकविली जातात. घरी ती वीजबिल, पावती आणि भाडेचिठ्ठी समोर ठेवून शिकवावीत. संस्था, सोसायट्या, बचतगट यांच्या सभासदांनी कोणताही ठराव सहीपूर्वी एकाने मोठ्याने वाचावा व बाकीच्यांनी ऐकावा. वाचणारा जेथे थांबेल तेथे चिन्ह आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर सर्वांदेखत घालून मगच सह्या कराव्यात. धौलीच्या शिळेपाशी लोक असेच ऐकावयास जमत असतील. त्यांना शिळेवरची अक्षरे बदलता येत नव्हती. आपल्यापुढचा कागद सही होईपर्यंत बदलता येतो, तोवर बदलून घ्यावा.